पॉलिशच्या आधी: गाडीच्या रंगात रुतलेली घाण कशी काढायची

गाडी शाम्पूने धुवा आणि पुसून कोरडी करा. मग एक पातळ, स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवा आणि बॉनेटवरून बोटं हलकेच फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत लागलेला रंग आता खरखरीत लागेल. पिशवीमुळे बोटं रंगाला अडखळत नाहीत, त्यामुळे एरवी न जाणवणारे बारीक कणही कळतात. टप, बॉनेट आणि डिकीचं झाकण या आडव्या भागांवर खरखर सगळ्यात जास्त असते. दारांच्या खालच्या हातभर पट्ट्यातही ती असते, पण तिथली घाण वेगळी.

हे कण धुण्याने गेले नाहीत, आणि अजून दहा वेळा धुतलं तरी जाणार नाहीत. ते रंगावर नुसते पडलेले नसतात, चिकटलेले किंवा रुतलेले असतात.

बहुतेक गाड्यांना पॉलिश होतं ते याच अवस्थेत. पाण्याचा फवारा, एक फडकं, आणि लगेच मशीनला पॅड लावून ‘रबिंग’ सुरू. पॅडखाली सुटलेला लोखंडाचा कण पॅडमध्येच अडकतो आणि मग बॉनेटभर फिरत राहतो. ओरखडे घालवायला निघालेलं मशीन नवे ओरखडे पाडत जातं, आणि ते झाकायला वर मेणाचा थर येतो. दोन-तीन धुण्यांत मेण उतरतं आणि सगळं परत दिसायला लागतं.

आजच्या गाड्यांवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा. पॉलिश करणं म्हणजे हाच थर किंचित झिजवणं, आणि झिजलेला थर परत येत नाही. म्हणून खाली दिलेला सगळा क्रम एकाच हिशेबाने लावला आहे: जे विरघळू शकतं ते आधी विरघळवायचं, आणि तरीही जे उरेल तेवढंच घासायचं. नवशिक्या माणसाला पहिल्याच दिवशी क्ले बार, म्हणजे रुतलेले कण उपटणारा मऊ गोळा, हातात घेऊन घासायची घाई असते. तो मोह आवरा. क्लेची पाळी सगळ्यात शेवटी.

आधी घाण ओळखा

यावर अर्धा तास घालवला तर पुढचे दोन तास वाचतात. प्रत्येक घाणीला वेगळं औषध लागतं, आणि एकीचं औषध दुसरीवर सहसा चालत नाही.

लोखंडाचे कण सगळीकडे असतात. ब्रेक दाबला की डिस्क आणि पॅड दोन्ही झिजतात. ओतीव लोखंडाच्या डिस्कची ती गरम भुकटी तुमच्या गाडीवर बसते आणि मागच्याच्या गाडीवरही. रेल्वेरुळांलगत रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर चाकं आणि रुळांच्या घर्षणाचा लोहकण बसतो. सोसायटीत कोणी खिडकीला ग्रिल बसवत असेल आणि कारागीर पार्किंगशेजारीच ग्राइंडर चालवत असेल, तर त्या ठिणग्या सर्वात वाईट. लाल तापलेला कण क्लिअर कोटमध्ये आणि काचेतही वितळून बसतो. पुढे पावसाळ्यात या सगळ्या कणांना गंज चढतो आणि पांढऱ्या गाडीवर नारिंगी-तपकिरी ठिपके दिसू लागतात. लोकांना वाटतं पत्राच गंजला. बहुतेक वेळा पत्रा ठणठणीत असतो, वर बसलेला कण गंजलेला असतो. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर हे ठिपके दिसत नाहीत, पण पिशवीच्या चाचणीत कळतात.

डांबर ओळखायला सोपं. चाकांच्या मागे, दारांच्या खालच्या कडेला आणि मागच्या बंपरवर काळे, किंचित उठलेले ठिपके असतात. नव्याने डांबरीकरण झालेल्या रस्त्यावरून उन्हाळ्यात एकदा गेलात तरी पुरे.

पाण्याच्या क्षारांचे डाग म्हणजे पांढरट गोल कडी. बोअरवेलच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार रंगावर राहतात. इथे एक सल्ला जरा मोडून काढायला हवा. आरओ यंत्रातून बाहेर जाणारं पाणी वाया घालवू नका, त्याने गाडी धुवा, असं बरेचदा सांगितलं जातं. आरओ शुद्ध पाणी एका नळीने देतं आणि मागे राहिलेले क्षार दुसऱ्या नळीने बाहेर टाकतं. म्हणजे ते टाकाऊ पाणी मूळ पाण्यापेक्षा जास्त जड असतं. त्याने फरशी पुसा, संडासात ओता, गाडीवर मात्र नको.

याच कुळातला पण जास्त चिवट प्रकार म्हणजे स्लॅबची गळती. तळमजल्याच्या किंवा तळघराच्या पार्किंगमध्ये वरून पाणी झिरपतं तेव्हा ते काँक्रीटमधला चुना विरघळवत खाली येतं. गाडीवर पडल्यावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि टपावर पांढरी, खडूसारखी दिसणारी पण दगडासारखी घट्ट धार तयार होते. शिवाय ते पाणी चांगलंच अल्कधर्मी असतं, त्यामुळे फार दिवस राहिलं तर खालचा रंगही खातं. डाग काढण्याआधी गाडीची जागा बदला, नाहीतर महिन्याने तोच खेळ.

झाडाखालच्या चिकटपणाचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि इथे बरेच जण गल्लत करतात. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावली की तिच्यावर बारीक चिकट शिडकावा होतो. तो झाडाचा चीक नव्हे. तुडतुडे मोहोराचा रस शोषतात आणि गोड चिकट द्रव सोडतात, तो हा. आंब्याच्या पानांवर याच गोड द्रवावर काळी बुरशी वाढते, हे बागायतदारांना सांगायला नको. मोठ्या वर्षावृक्षांखालची चिकट गळतीही बऱ्याचदा किडींचीच असते. हा प्रकार साखरेचा, म्हणजे कोमट पाण्यात विरघळणारा. वड, पिंपळ, फणस यांचा चीक वेगळा. त्यात रबराचा अंश असतो आणि पाणी त्याला काही करू शकत नाही. फणस चिरायच्या आधी हाताला आणि सुरीला तेल का लावतात ते आठवा. चिकाला तेलकट द्रावक लागतो, पाणी नाही.

पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते आणि उन्हात तापलेल्या रंगावर ती काही तासांतच खूण करते. तिला पॉलिशच्या दिवसापर्यंत थांबवून ठेवू नका. दिसली की ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवा आणि मऊ झाल्यावर उचलून घ्या, चोळू नका.

आणि आपल्याकडची खास भर, वाहनपूजा. दसऱ्याला बॉनेटवर ओल्या कुंकवाने काढलेला स्वस्तिक, हळदीची बोटं, हार चिकटवायला लावलेल्या टेपचा गोंद, लग्नाच्या गाडीवरची फुलं काढल्यावर राहिलेले चौकोन. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो आणि उन्हाने फिकाही होतो. त्यामुळे तो साबणाने तासभर घासण्यात अर्थ नाही. गुलालाचं उलट. मिरवणुकीत गाडी सापडली असेल तर आधी भरपूर पाणी, कोरडं फडकं अजिबात नको.

सामान

दोन बादल्या, गाडीचा न्यूट्रल शाम्पू आणि धुण्याचा मायक्रोफायबर हातमोजा घ्या. पुसायला मायक्रोफायबरची आठ-दहा फडकी लागतील. चाकांसाठी वेगळं फडकं आणि वेगळा ब्रश ठेवा. त्याखेरीज टार रिमूव्हर (डांबर विरघळवणारा), आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारा), क्ले बार, दोन फवाऱ्याच्या बाटल्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल, रबरी हातमोजे आणि मास्क. प्रेशर वॉशर असेल तर उत्तम, नसेल तर पाईप चालतो, तोही नसेल तर बादली आणि मग्गा चालतो. कुठल्या कंपनीचं घ्यावं यात मी पडणार नाही. आयर्न रिमूव्हर घेताना मात्र बाटलीवर ‘पीएच न्यूट्रल’, म्हणजे ना आम्ल ना अल्कधर्मी, असं लिहिलंय का ते बघा. चाकांसाठी मिळणारे काही क्लीनर आम्लाचे असतात, ते रंगावर नकोत.

घरात ठेवायच्या आणि गाडीपासून दूर ठेवायच्या वस्तूही सांगून टाकतो: कपड्यांची पावडर, भांड्यांची घासणी, टूथपेस्ट, लिंबू-मीठ, पेट्रोल आणि थिनर. यातलं शेवटचं सर्वात घातक. अपघातानंतर गॅरेजमध्ये रंगवलेल्या पॅनेलचा रंग थिनरने अक्षरशः फडक्यावर उतरू शकतो.

वेळ आणि जागा

सावली हवी आणि पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. बाहेरून आलेल्या गाडीचं बॉनेट इंजिनामुळे तापलेलं असतं, तिला तासभर उभी राहू द्या. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर सुरुवात करून ऊन चढायच्या आत रसायनांचं काम संपवा. तापलेल्या पत्र्यावर कुठलंही रसायन वाळतं आणि वाळलेल्या रसायनाचा डाग काढणं हे नवीनच काम होऊन बसतं. लहान गाडीला अर्धा दिवस धरा, मोठ्या एसयूव्हीला अख्खा.

धुणं

चाकं सगळ्यात आधी, कारण तिथली घाण उडून दारांवर जाते. चाकांचं पाणी आणि फडकं वेगळं.

मग नुसत्या पाण्याने वरून खाली पूर्ण भिजवा. वायपरखालच्या खाचेत, डिकीच्या कडेला, नंबरप्लेटच्या मागे माती साठलेली असते, ती याच वेळी निघू द्या, नाहीतर क्ले चालू असताना ओघळून येते. प्रेशर वॉशरचं तोंड फूटभर तरी लांब धरा. स्टिकरच्या कडा, उडालेला रंग आणि पुन्हा रंगवलेल्या भागांच्या कडा यांच्यावर जोराचा झोत नको.

शाम्पूची एक बादली आणि साध्या पाण्याची एक. हातमोजा शाम्पूत बुडवा, एक पॅनेल धुवा, साध्या पाण्यात खळबळून माती काढा, परत शाम्पूत. टप, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि शेवटी खालचा भाग, असा क्रम. हात सरळ रेषेत चालवा.

पाणीटंचाईच्या दिवसांत सोसायटीने पाईप बंद केला असेल तर ‘रिन्सलेस’ शाम्पूचं, म्हणजे वरून पाणी ओतून धुवून काढावा न लागणाऱ्या शाम्पूचं, दोन बादल्यांतलं काम चालतं. पुढे आयर्न रिमूव्हर धुवून काढायला मात्र पुरेसं वाहतं पाणी लागणारच, तेव्हा तो दिवस पाणी असेल असाच निवडा.

रोज पहाटे एकाच फडक्याने सोसायटीतल्या वीस गाड्या पुसणारे काका असतात. तुमच्या रंगावरचे जाळीसारखे गोल ओरखडे बहुतांशी त्या कोरड्या फडक्याचे आहेत. त्यांना महिन्याचे पैसे द्या, पण रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा पाणी मारून धुवायला सांगा.

डांबर आणि चीक

धुतल्यावर दारांचा खालचा भाग पुसून कोरडा करा. टार रिमूव्हर हा तेलकट द्रावक असतो, ओल्या पृष्ठभागावर पाणी त्याला डांबरापर्यंत पोचूच देत नाही.

डांबर लोखंडाच्या आधी का? कारण डांबराच्या ठिपक्याखाली आणि आत लोहकण दबलेले असतात. वरचं डांबर गेल्याशिवाय आयर्न रिमूव्हर त्यांच्यापर्यंत पोचत नाही. काही जण उलट क्रमाने करतात आणि मग लोखंडाची फेरी दोनदा करावी लागते.

आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात, दाराच्या आतल्या कडेला वगैरे, थोडं लावून फडक्यावर रंग येतो का पाहा. येत नसेल तर ठिपक्यांवर फवारा आणि एक-दोन मिनिटं थांबा. ठिपक्यातून तपकिरी ओघळ खाली येऊ लागतो. आता फडक्याने फक्त टिपून घ्यायचं. नाही निघालं तर परत फवारा, जोर लावू नका. फडक्याची बाजू सतत बदलत राहा, कारण विरघळलेल्या डांबरात खडीची बारीक कच असते.

रस्त्यावर सर्रास वापरला जाणारा डिझेलचा बोळा डांबर काढतो हे खरं. पण तो तेलाचा थर मागे ठेवतो आणि दारांच्या रबरांना त्रासदायक असतो. एखाद-दोन ठिपके असतील तर खोबरेल तेल लावून दहा मिनिटं ठेवलं तरी ते मऊ पडतात. पुण्या-नाशिकच्या थंडीत ते बाटलीतच थिजलेलं असतं, तेवढं बघा. वड-फणसाचा चीक आणि टेपचा गोंद यांनाही टार रिमूव्हरच लागू पडतो. हळदी-कुंकवाच्या डागाला अल्कोहोलचं ओलं फडकं मिनिटभर ठेवून टिपा.

हे झालं की तेवढा भाग शाम्पूने पुन्हा धुवा. द्रावकाचा तेलकट थर राहिला तर पुढचं रसायन काम करत नाही.

लोखंड

आयर्न रिमूव्हरमध्ये बहुधा थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं. केस काढायच्या क्रीममध्ये त्याच कुळातलं रसायन असतं, म्हणून वासही तसाच, कुजक्या अंड्याच्या वळणाचा. हातमोजे घाला, मास्क लावा आणि बंद तळघरात हे करू नका. शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे जवळ असतील तर आधी त्यांना कळवा.

पाणी निथळलेल्या, किंचित ओलसर रंगावर एका वेळी गाडीची एकच बाजू घ्या. खालून वर फवारत गेलात तर द्रव ओघळून आधीच निसटत नाही. दोन-तीन मिनिटांत जिथे लोखंड असेल तिथे जांभळे ठिपके उमटतात आणि पसरत खाली वाहतात. रसायनाने लोखंडाला बांधून पाण्यात विरघळेल असं केलं, त्याचा हा रंग. पांढऱ्या गाडीवर हे दृश्य पहिल्यांदा बघणारा घाबरतो. घाबरायचं कारण नाही, रंगाला काही होत नाही. काळ्या गाडीवर जांभळं दिसणार नाही, तिथे खाली फरशीवर पडणारे थेंब बघा.

तीन ते पाच मिनिटं, किंवा बाटलीवर लिहिलं असेल तेवढा वेळ, आणि त्या आत वाळायला लागलं तर लगेच पाणी. वाळू द्यायचं नाही हा नियम इथे सगळ्यात कडक आहे. भरपूर पाण्याने धुवा. चाकांवरही याच वेळी मारून घ्या, जांभळा रंग तिथेच सर्वात जास्त दिसेल. गाडी नुकतीच चालवली असेल आणि डिस्क गरम असतील तर मात्र थांबा.

पहिल्या फेरीत फार जांभळं झालं तर दुसरी फेरी करा. दुसरीतही तितकंच झालं तरी तिसरीच्या मागे लागू नका, उरलेलं क्ले काढेल. ग्राइंडरच्या ठिणग्यांचे मोठे कण काही वेळा दोन्हीला दाद देत नाहीत. ते टोकरून काढायला गेलात तर खड्डा राहतो. तेवढ्यासाठी अनुभवी डिटेलरकडे, म्हणजे गाडीचा रंग साफ आणि पॉलिश करणाऱ्या कारागिराकडे जा.

क्षार

ही पायरी ज्यांच्या गाडीवर पांढरी कडी आहेत त्यांच्यासाठीच, बाकीच्यांनी सरळ पुढे जावं. क्षार आम्लात विरघळतात. बाजारात वॉटर स्पॉट रिमूव्हर मिळतो. हलक्या डागांना घरचं पांढरं व्हिनेगर आणि आरओचं पिण्याचं पाणी सम प्रमाणात पुरतं. फडकं त्यात भिजवून डागावर मिनिटभर ठेवा, उचला आणि लगेच भरपूर पाणी. आधीचं आयर्न रिमूव्हर पूर्ण धुतलं गेलंय याची खात्री करूनच हे करायचं. दोन रसायनं गाडीवर एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत.

स्लॅबच्या गळतीची जाड धार एका दमात जात नाही. ती भिजवत, थोडी विरघळवत, धुवत, अशी चार-पाच वेळा पातळ करावी लागते. नखाने किंवा ब्लेडने खरवडायची इच्छा होईलच, पण खाली रंग आहे हे लक्षात ठेवा.

क्षार गेल्यावरही कड्याची सावली दिसत राहिली, तर रंगच तेवढा खाल्ला गेला आहे. ते क्लेचं काम नाही, पॉलिशचं आहे.

क्ले

क्ले बार जपानमध्ये तयार झाला. तादाओ कोदाते यांना त्याचं अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये मिळालं. नावात माती असली तरी हा मऊ कृत्रिम राळेचा गोळा आहे आणि त्यात बारीक घासकण मिसळलेले असतात. म्हणजे हे घासणंच आहे, फक्त नियंत्रित. क्ले रंगावरून सरकतो तेव्हा वर डोकं काढून बसलेला कण तो कापतो किंवा उपटून स्वतःत घेतो. त्यामुळे क्लेनंतर रंगावर थोडी धूसर रेघारेघ येऊ शकते, आणि म्हणूनच क्ले पॉलिशच्या आधी. पॉलिश करायचंच नसेल तर सर्वात सौम्य क्ले घ्या आणि तोही फार तर वर्षातून एकदा.

नवशिक्याने ‘फाइन’ क्लेच घ्यावा. मीडियम आणि हेवी हे वर्षानुवर्षं उघड्यावर पडलेल्या गाड्यांसाठी. आधीच्या पायऱ्या नीट केल्या असतील तर फाइन पुरतो. क्लेचा हातमोजा किंवा टॉवेलही मिळतो. काम पटकन होतं, खाली पडला तर धुता येतो, पण बोटांना कण जाणवतात ते गोळ्यानेच. पहिली गाडी गोळ्याने करा.

शंभर ग्रॅमच्या गोळ्याचे तीन-चार तुकडे करा. एक घ्या, थंडीचे दिवस असतील तर कोमट पाण्यात बुडवून मळा, पोळीच्या कणकेइतका मऊ झाला की तीन बोटांखाली मावेल एवढा चपटा करा. बाकीचे तुकडे झाकून ठेवा.

आता वंगण. फवाऱ्याच्या बाटलीत लिटरभर पाण्याला अगदी थोडा शाम्पू, किंवा तयार क्ले ल्युब्रिकंट. नवशिके इथे कंजूषपणा करतात, आणि क्लेमुळे जे ओरखडे पडतात त्यातले बहुतेक वंगण कमी पडल्याचे असतात. दोन फूट बाय दोन फूट एवढा चौकोन घ्या, त्यावर भरपूर फवारा, क्लेच्या तोंडावरही फवारा. बोटांच्या नुसत्या वजनाने, पुढे-मागे सरळ रेषेत चालवा, गोल गोल नाही. सुरुवातीला क्ले अडखळतो, खरखर ऐकू येते, बोटांना बारीक टोचणी लागते. थोड्या फेऱ्यांनी आवाज बंद होतो आणि क्ले आपोआप घसरू लागतो. आवाज थांबला की तो चौकोन संपला. त्यानंतरची प्रत्येक फेरी फुकटची झीज. वाळायला लागलं वाटलं की लगेच पुन्हा फवारा.

चौकोन झाला की पुसा, पिशवीचा हात फिरवून पाहा, आणि क्ले उलटा करून त्याचं तोंड बघा. तपकिरी-काळे ठिपके दिसतील. घडी घालून मळा, स्वच्छ तोंड वर आणा. घडी घालायला स्वच्छ जागाच उरली नाही की तो तुकडा टाका. जुन्या गाड्यांवर, जिथे क्लिअर कोटच नसतो, क्लेला गाडीचाच रंग लागतो. ते चालायचंच, पण मग हात आणखी हलका ठेवा.

क्ले जमिनीवर पडला तर तो गेला. धुवून परत वापरायचा नाही, कितीही महाग असला तरी. एक वाळूचा कण आत शिरला की तोच पुढे दारावर लांबच लांब रेघ ओढतो. यासाठीच तुकडे केले होते.

टपापासून सुरू करून खाली या. दारांचा खालचा पट्टा सगळ्यात शेवटी, शक्यतो वेगळ्या तुकड्याने. काचा आणि हेडलाइटलाही क्ले चालतो, त्यासाठी जुना तुकडा वापरा. खरबरीत काळ्या प्लॅस्टिकवर चालवू नका, राळ त्यात अडकते.

काही गाड्यांवर क्ले लावायचाच नाही. मॅट रंगाची चमक क्लेने ठिकठिकाणी वाढते आणि ती परत मॅट करता येत नाही. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर दिलेला कडक संरक्षक थर, केलेल्या गाडीवर क्ले ते कोटिंगच झिजवेल, तेव्हा आधी कोटिंग करणाऱ्याला विचारा. व्हायनल रॅपवर, म्हणजे रंगावर चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या पातळ आवरणावर, क्ले आणि तीव्र टार रिमूव्हर दोन्ही टाळा. नुकतंच पॅनेल रंगवून आणलं असेल तर ते पूर्ण सुकायला किती दिवस द्यायचे हे रंगवणाऱ्याकडून समजून घ्या आणि तोपर्यंत त्याला सोडून बाकीची गाडी करा.

शेवटची तपासणी

क्लेचं वंगण शाम्पूने धुवून काढा आणि गाडी कोरडी करा. शेवटच्या पाण्यासाठी जड पाणी असेल तर ते वाळू न देता लगेच टिपा, नाहीतर क्षारांची कडी आजच पुन्हा उमटतील. आरसे, दारांचे हँडल, नंबरप्लेट आणि टपावरच्या पट्ट्यांमधून पाणी बराच वेळ ओघळत राहतं. दारं एकदा उघडून बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि परत पुसा.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून, १० ते २० टक्क्यांचं, एका फडक्यावर घ्या आणि एकेक पॅनेल हलकेच पुसा. जुनं मेण, शाम्पूचा थर, तेलाचा अंश निघून जातो आणि रंग खरा कसा आहे ते दिसतं. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघा. जे गोल ओरखडे, विष्ठेच्या खुणा, क्षारांच्या सावल्या आता दिसतील ते मशीनचं काम. खोल वाटतील त्यांच्याशेजारी मास्किंग टेपचा तुकडा लावून ठेवा म्हणजे पॉलिश करताना शोधत बसावं लागत नाही. नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशने जाणार नाही, त्यावर क्लिअर कोट वाया घालवू नका.

या क्षणी रंगावर कसलंच संरक्षण नाही. जुनं मेण गेलं, नवं अजून आलेलं नाही. म्हणून पॉलिश त्याच दिवशी सुरू करा. ते जमणार नसेल तर निदान मेण किंवा सीलंटचा (मेणासारख्याच कृत्रिम संरक्षक लेपाचा) एक हात मारून ठेवा, आणि पॉलिशच्या दिवशी शाम्पूने धुवून अल्कोहोलने पुन्हा पुसा. क्ले परत करावा लागत नाही. उरलेल्या स्वच्छ क्लेच्या तुकड्यांवर वंगणाचे दोन फवारे मारून ते झाकणाच्या डबीत ठेवा. कोरडे पडले की तडकतात, आणि तडकलेला क्ले रंगाला लावायचा नाही.